ॲक्शनचे साल

छत्रपती संभाजीनगराहून, म्हणजे त्या काळच्या औरंगाबादेहून, पैठणास जाणाऱ्या सडकेवर निम्म्या वाटेच्या सुमारास बिडकीन लागते. नाथषष्ठीच्या दिवसांत या सडकेवरून टाळ-मृदंग जातात, आणि अलीकडे बारमाही मालमोटारी जातात. शेंद्रा-बिडकीन हे जोडनाव हल्ली वर्तमानपत्रांच्या उद्योगधंद्यांच्या पानांवर वारंवार दिसते. औद्योगिक वसाहतीसाठी येथील जमिनी मोजल्या गेल्या, मोबदले वाटले गेले, आणि ज्या बांधांवरून भावाभावांत दावे चालले ते बांध एका दिवसात यंत्राने सपाट केले. गावाच्या भविष्याविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही येथे बोलणार आहोत ते भूतकाळाविषयी, आणि तेही एकाच सालाविषयी.

ते साल १९४८. त्या साली या सडकेचा अर्थ निराळा होता. पैठणची गोदावरी तेव्हा केवळ तीर्थ नव्हती, ती सरहद्द होती. अलीकडच्या तीरावर निजामाचे राज्य, पलीकडच्या तीरावर नगर जिल्ह्यातील शेवगाव तालुका, म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ पर्यंत इंग्रजी अंमल आणि त्यानंतर स्वतंत्र हिंदुस्थान. बिडकीनच्या माणसाने पहाटे निघून दिवसभर पायपीट केली व नाव मिळाली, तर दिवेलागणीस तो दुसऱ्या कायद्याखाली जाऊन उभा राही. नदीच्या वरच्या अंगास टोका येथे संस्थानाबाहेर पडलेल्या कार्यकर्त्यांची छावणी होती, मनमाडास दुसरी होती. १९७६ साली पैठणचे धरण पुरे झाले आणि नाथसागराने ती जुनी सरहद्द पोटात घेतली. राज्यांच्या सीमा कागदावर पुसल्या जातात हे आपण वाचतो. सीमाच पाण्याखाली गेल्याचे उदाहरण विरळा. त्या पाण्यावर आता शहराची तहान भागते आणि हिवाळ्यात परदेशी पक्षी उतरतात.

आमच्या भागातील जुन्या माणसांना इसवी सनाचा हिशेब ठेवण्याची सवय नव्हती. त्यांच्या कालगणनेत दोन शब्द होते: एक ‘रझाकारी’ आणि दुसरा ‘ॲक्शन’. थोरला रझाकारीत झाला, धाकटी ॲक्शनच्या साली, असे सांगितले की वय कळे. पहिला शब्द लोकांनी आपल्या अनुभवातून घडविला. दुसरा सरकारी दप्तरातून आला. ज्या मोहिमेत लष्कराच्या तुकड्या, रणगाडे व विमाने होती तिला ‘पोलीस ॲक्शन’ का म्हणावयाचे, हा प्रश्न खेड्यातल्या माणसाने विचारला नाही. त्याने त्यातला ‘पोलीस’ गाळला आणि ‘ॲक्शन’ तेवढी ठेवली. बहुधा नकळत, परंतु सरकारपेक्षा अधिक खरेपणाने.

हे दोन शब्द एकाच वर्षाच्या दोन अंगांना चिकटलेले आहेत. इतिहास शिकविण्यात आयुष्याची बरीच वर्षे गेल्यामुळे आम्हांला एक गोष्ट पुनःपुन्हा दिसली. जो वृद्ध रझाकारीविषयी तासभर सांगतो तो ॲक्शननंतरच्या महिन्याशी आला की एकाएकी चंची उघडून सुपारी शोधू लागतो. आणि त्याच गावाच्या दुसऱ्या मोहल्ल्यात जो ॲक्शननंतरचे सांगतो, त्याचा आवाज रझाकारांचे नाव निघताच तितकाच अस्पष्ट होतो. खोटे कोणीच बोलत नसे. प्रत्येकाने आपले मेलेले जपून ठेवले होते, एवढेच.

निजामाचे राज्य सर्वंकष सत्तेच्या वर्गात बसते की नाही, याविषयी विद्वानांत मतभेद होऊ शकेल. मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आले तेव्हा ते एका जुन्या पठडीतील दरबारी राज्याचे धनी झाले. ८२ हजार चौरस मैलांचा मुलूख, १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे १ कोटी ६३ लाखांची वस्ती, १६ जिल्हे. त्यांपैकी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच मराठी. जमिनीचा फार मोठा हिस्सा जहागिरींत वाटलेला. कारभाराची व शिक्षणाची भाषा उर्दू, जी बहुसंख्य रयतेच्या घरात बोलली जात नसे. अशा राज्यास प्रजेच्या मनाशी फारसे कर्तव्य नसते. सारा भरावा, वेठ करावी, मुजरा करावा, आणि मनात काय वाटेल ते वाटू द्यावे, हा जुन्या एकतंत्री राजाचा रिवाज. नव्या हुकूमशाहीस एवढ्याने समाधान होत नाही. तिला मनही हवे असते. तिला माणसाचे गाणे, प्रार्थना, घोषणा, मौनसुद्धा आपल्या नोंदीत हवे असते.

ही पायरी हैदराबादने केव्हा ओलांडली असे कोणी विचारले, तर आम्ही १९३८ हे साल सांगू. परवानगीवाचून सभा भरविण्यास बंदी करणारी ‘गश्ती निशाण ५३’ त्यापूर्वीच जारी होती. मराठी भागातील पुढारी १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेच्या पहिल्या अधिवेशनास जमले तेही फार जपून, शब्द मोजून. पुढल्या वर्षी स्टेट काँग्रेस स्थापन होणार असे ठरले आणि तिच्यावर जन्मापूर्वीच बंदी आली. परंतु आमच्या मते त्या वर्षातील खरी खूण याहून लहान आहे. वर्षअखेरीस औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील वसतिगृहाची मुले प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणू लागली. ते म्हणू नये असा हुकूम झाला. मुलांनी ऐकले नाही. प्रकरण हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहापर्यंत पोचले आणि शेकडो मुलांस शिक्षणास मुकावे लागले. त्यांना शेवटी नागपूर विद्यापीठाने पदरात घेतले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक. संस्थानच्या सरकारने त्या दिवशी सारा मागितला नाही, वेठ मागितली नाही. मुलाच्या सायंप्रार्थनेत हात घातला.

येथे एक आडवळण घेण्यावाचून आम्हांला राहवत नाही. ज्या गीतासाठी मुलांना काढून टाकले त्या गीताचा अभिमान आम्हांला आहे. पण एखाद्याने ते म्हटले नाही म्हणून त्यास काढून टाकावे असे जेव्हा कोणी आवेशाने म्हणतो, तेव्हा आम्हांला त्याच वसतिगृहाचा अधिकारी पुन्हा दारात उभा दिसतो. फक्त गाण्याची बाजू बदललेली. केरळातील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु आपल्या धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढले. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यावयास लावले. औरंगाबादची १९३८ ची मुले आणि केरळची ती तीन मुले यांचा हक्क एकच होता, हे आमच्या वर्गातील विद्यार्थ्यांस पटवून देणे कधी सोपे गेले नाही.

असो. राज्य जुने आणि त्याची हाव नवी, अशा त्या अवस्थेत रझाकार आले. इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचे पुढारी बहादूर यार जंग १९४४ साली वारले आणि दोन वर्षांनी तिची सूत्रे कासीम रझवी यांच्या हाती गेली. हे गृहस्थ लातूरचे वकील. त्यांनी रझाकार या स्वयंसेवक दलास जे रूप दिले ते युरोपातील गणवेशधारी दलांची आठवण करून देणारे होते: कवायत, शपथ, पुढाऱ्याच्या नावाचा जयघोष, आणि कायद्याने जे करता येत नाही ते करण्याची सरकारी मूकसंमती. सरकारचे हात स्वच्छ राहावेत म्हणून खासगी हात नेमले जातात, तेव्हा प्रजेस दाद मागावयास जागा उरत नाही. पोलीस म्हणतात आम्ही केले नाही, आणि ज्यांनी केले ते म्हणतात आम्ही सरकार नव्हे. गावोगाव महिन्याची पट्टी बसे. पट्टी दिली तर गाव निभावे, अडवली तर लूट, जाळपोळ व त्यापुढचे. १९४६ साली बिलोली भागातील कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांचा अर्जापूरजवळ खून झाला. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातील गोरटा या गावी जी कत्तल झाली तीत सुमारे दोनशे माणसे गेली असे सांगतात. मराठवाड्याच्या सरहद्दीवरून किती कुटुंबे भांडीकुंडी बैलगाडीत घालून पलीकडे गेली त्याची गणती कोणत्याच दप्तरात नीट नाही. या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांनी १९६७ साली आपल्या आठवणी ग्रंथरूपाने दिल्या, अनंत भालेराव यांनी १९८७ साली मराठवाड्याच्या बाजूने हा सारा लढा लिहून ठेवला. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. आम्ही येथे फक्त एका माणसाजवळ थोडे थांबणार आहोत, कारण तो कोणत्याच मोहल्ल्याच्या यादीत नीट बसत नाही.

त्याचे नाव शोएबुल्ला खान. उस्मानियाचा पदवीधर, ‘तेज’ या पत्रात काम केले, ते सरकारने बंद केले, मंदुमुल नरसिंगराव यांच्या ‘रय्यत’मध्ये गेला, तेही बंद झाले. मग घरातील बायकांचे दागिने मोडून त्याने स्वतःचे उर्दू दैनिक काढले, ‘इमरोज’. संस्थानाने हिंदुस्थानात सामील व्हावे, रझाकारांना आवरावे, हे तो उर्दूत, म्हणजे नेमक्या त्यांच्याच भाषेत लिहीत असे. ऑगस्ट १९४८ मध्ये सात मुसलमान गृहस्थांनी याच अर्थाचे एक आवाहन काढले आणि ते ‘इमरोज’ने छापले. त्याच सुमारास रझवींच्या जाहीर भाषणात विरोधात उठणारे हात छाटले जातील अशी भाषा निघाली. २१ ऑगस्टच्या रात्री अंक छापावयास देऊन हा अठ्ठावीसाव्या वर्षात असलेला संपादक मेहुण्याबरोबर घरी निघाला असता वाटेत त्याला गाठून गोळ्या घातल्या, आणि ज्या हाताने तो लिही तो तोडला. मेहुणाही जखमी झाला. पहाटे, म्हणजे २२ तारखेस, शोएबुल्ला गेला.

पुढच्या महिन्यात, १३ सप्टेंबर रोजी, हिंदी सैन्य चोहो बाजूंनी संस्थानात शिरले. औरंगाबाद दुसऱ्याच दिवसाच्या सुमारास हाती आले. १७ तारखेस निजामाने युद्धतहकुबी जाहीर केली आणि १८ रोजी जनरल एल एद्रूस यांनी मेजर जनरल चौधरी यांच्यापुढे शरणागती दिली. पाच दिवसांत दोन शतकांहून जुने राज्य संपले. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून आपण पाळतो. सिद्धार्थ उद्यानातील स्तंभापुढे झेंडा चढतो, मंत्री भाषणे करतात, आणि ते सारे योग्य आहे. ज्यांनी तुरुंग व सरहद्दीच्या छावण्या पाहिल्या त्यांना तो दिवस ज्या आनंदाने आठवे, त्यात आम्ही पाणी घालू इच्छीत नाही.

परंतु १८ तारीखही उगवली. १९ उगवली. आणि येथे आमच्या वृद्धाची चंची उघडते.

पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री असे तिघे २९ नोव्हेंबर १९४८ रोजी हैदराबादेस पोचले व २१ डिसेंबरास दिल्लीस परतले. त्या तीन आठवड्यांत त्यांनी ९ जिल्हे, ७ जिल्ह्यांची ठाणी, २१ शहरे-कसबे व २३ मोठी खेडी पाहिली. जेथे जाता आले नाही अशा १०९ गावांतील पाचशेहून अधिक माणसांचे म्हणणे ऐकून घेतले. त्यांचा हात राखून केलेला अंदाज असा की, ॲक्शनच्या काळात व नंतर संस्थानात कमीत कमी २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली, बहुतेक सारी मुसलमान. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या चार जिल्ह्यांत मिळून १८ हजारांच्या वर. औरंगाबाद, बीड, नलगोंडा व मेदक या दुसऱ्या चारांत मिळून किमान पाच हजार. आमचा जिल्हा या दुसऱ्या ओळीत आहे. आकडा अंदाजाचा आहे हे अहवालानेच म्हटले आहे. सरदार पटेलांनी त्यातील निष्कर्ष स्वीकारले नाहीत, हेही येथेच सांगावयास हवे. परंतु आकडा निम्म्याने कमी केला तरी वाचणाऱ्याच्या मनाचे ओझे निम्म्याने कमी होत नाही.

त्या अहवालातील लातूरचा मजकूर आम्ही प्रथम वाचला तेव्हा पान मिटून ठेवावे लागले. लातूर ही रझवींची पेठ. कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती. तेथे कत्तल वीस दिवसांवर चालली. सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी या मंडळींना गावात जेमतेम तीन हजार आढळले. हजारावर मारले गेले होते, बाकीचे जीव घेऊन पळाले होते. काही ठिकाणी सैन्यातील व पोलिसांतील माणसे स्वतः लुटीत सामील झाली असेही अहवाल स्पष्ट म्हणतो. जनरल चौधरींच्या मनात जातीय द्वेषाचा लवलेश नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हणतो. आणि मग त्यात एक वेगळी नोंद येते. समान व्यवसायाच्या माणसांत जिव्हाळा विशेष दिसला. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे हिंदूंपासून रक्षण केले, आणि त्यापायी मोठे नुकसान सोसले, कोणी प्राणही दिले. पैठणच्या वाटेवर, जेथे मागाचा आवाज शतकानुशतके चालत आला, तेथे राहणाऱ्या माणसाला ही नोंद इतरांपेक्षा अधिक वेळ वाचावीशी वाटते. या विणकरांचे नाव एकाही स्तंभावर नाही. ते कोणत्या बाजूचे हुतात्मे मानावयाचे?

आता त्या सालातील एक योगायोग. हे तीन गृहस्थ मराठवाड्यातील व तेलंगणातील खेडी हिंडत असताना, १० डिसेंबर १९४८ रोजी, पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. त्याच पॅरिसमध्ये तीन महिन्यांपूर्वी सुरक्षा समितीपुढे हैदराबादचा प्रश्न आला होता. जाहीरनाम्याच्या पहिल्याच कलमात ‘सर्व पुरुष’ या अर्थाचे शब्द होते, ते बदलून ‘सर्व माणसे’ असे व्हावे यासाठी हिंदुस्थानच्या प्रतिनिधी हंसा मेहता झगडल्या व तसे झाले. तिकडे शब्दाशब्दावर वाद चालला असता इकडे सुंदरलाल मंडळी विहिरीत टाकलेल्या प्रेतांविषयी विचारणा करीत होती. तो जाहीरनामा जगभर छापला गेला. हा अहवाल मात्र कपाटात गेला. पुढे तो तुकड्या-तुकड्यांनी बाहेर आला. सामान्य वाचकास नवी दिल्लीच्या नेहरू स्मृती ग्रंथालयात मूळ प्रत पाहावयास मिळू लागली ती २०१३ च्या सुमारास. तोवर पासष्ट वर्षे झाली होती. साक्ष देणाऱ्या पाचशेंपैकी किती उरले असतील?

यावर आमचे एक मित्र नेहमी चिडून म्हणतात, “रझाकारांनी आरंभले नसते तर पुढचे झाले असते काय?” नसते झाले, हे आम्ही निःशंकपणे मान्य करतो. रझाकारांचे पाप त्यानंतरच्या पापाने एक गुंजभरही हलके होत नाही, आणि दोन्ही पारडी समान करून दाखविण्याचा आमचा मुळीच उद्देश नाही. एकीकडे राज्याच्या आश्रयाने दीड-दोन वर्षे पद्धतशीर चाललेला जुलूम आहे, दुसरीकडे राज्य कोसळल्यावर काही आठवडे उसळलेला सूड. इतिहासाने या दोहोंस एकच नाव देऊ नये. आमचे म्हणणे मेलेल्या माणसाविषयी आहे. कासीम रझवी यांना १९ सप्टेंबरास पकडले. त्यांच्यावर रीतसर खटले झाले, वकील मिळाला. शोएबुल्ला खानाच्या खुनाच्या खटल्यात ते अपिलात सुटले. बीबीनगरच्या दरोड्याच्या खटल्यात शिक्षा कायम झाली, ती भोगून १९५७ साली बाहेर पडले व पाकिस्तानात गेले. १९७० मध्ये कराचीस वारले. कित्येकांना हा कायद्याचा पराभव वाटतो. आम्हांला वाटत नाही. नव्या राज्याने आपल्या सर्वांत मोठ्या शत्रूस अपिलाचा हक्क दिला, ही त्याची शोभा आहे. पण तोच हक्क त्यांच्या गावच्या ज्या हजारावर माणसांना मिळाला नाही, त्यांत रझाकार किती होते? आणि जे होते त्यांना तरी खटला का नको होता? लातूरच्या वकिलास न्यायालय मिळाले, लातूरच्या दुकानदारास नाही. आणि निजाम? ते १९५६ पर्यंत राजप्रमुख होते. नोव्हेंबर १९४९ मध्ये हिंदुस्थानची राज्यघटना संस्थानास लागू करण्यासाठी त्यांनीच फर्मान काढले, म्हणजे बिडकीनच्या माणसाला मूलभूत हक्क मिळाले ते शेवटी एका फर्मानाने. इतिहासास विनोदबुद्धी नाही असे कोण म्हणेल?

दुसरे एक गृहस्थ, आमच्याच ओळीतले, वयाने आमच्याहून वडील, ज्यांना सारी गल्ली चाचा म्हणते, त्यांचा आक्षेप निराळा आहे आणि तो आम्हांला अधिक जड जातो. आम्ही या अहवालाचे मराठीत टाचण करीत आहोत हे कळल्यावर ते म्हणाले, “मास्तर, बंद पेटी कशाला उघडता? उघडणारे तुम्ही, आणि वास आमच्या घराला येणार.” याला आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. स्मृती जागवणे हे ज्याच्या जिवावर बेतत नाही त्याला सोपे असते. आम्ही टाचण दोन महिने बाजूस ठेवले. मग एके दिवशी चाचांनीच विचारले, “त्यात आपल्या बाजूचं काय लिहिलंय?” म्हणजे विणकरांचे. ते आम्ही वाचून दाखविले. त्यांनी पुन्हा वाचावयास सांगितले.

जगात इतरत्र ही गोष्ट कशी केली जाते हे पाहिले तर एक साम्य आढळते. जर्मनीत गुंटर डेमनिग नावाच्या कलावंताने माणसाला जेथून उचलून नेले त्या घरापुढच्या फरसबंदीत हाताएवढी पितळी पट्टी बसविण्यास प्रारंभ केला. तीवर नाव, जन्मसाल, पुढे काय झाले ते. आज युरोपभर अशा लाखभर पट्ट्या आहेत. यहुदी, जिप्सी, कम्युनिस्ट, पाद्री. पट्टी सर्वांना सारखीच. मॉस्कोत स्टॅलिनच्या काळी मारल्या गेलेल्यांची नावे दर २९ ऑक्टोबरास लोक रांगेत उभे राहून मोठ्याने वाचीत. प्रत्येकाने येऊन दोन-तीन नावे वाचावी आणि बाजूस व्हावे. तो परिपाठ घालून देणारी ‘मेमोरियल’ ही संस्था डिसेंबर २०२१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने बरखास्त केली. पुढल्याच वर्षी तिला नोबेल शांतता पारितोषिक विभागून मिळाले. मेलेल्यांची नावे वाचणाऱ्यास सत्ता इतकी का भिते? ही माणसे कोणाचा तरी पक्ष घेऊन वाचीत असती तर त्यांचा बंदोबस्त सोपा होता. ती साऱ्यांचीच वाचीत होती.

आपल्याकडे भीती निराळ्या तऱ्हेची आहे. येथे कोणी वाचावयास मनाई करीत नाही. आपणच अर्धी यादी वाचून पुस्तक मिटतो. ही सवय एका सालापुरती राहत नाही, हेच आमचे खरे दुःख. मुक्त झालेल्या याच मराठवाड्यात १९७८ साली विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव द्यावयाचे ठरताच दलितांच्या वस्त्या जाळण्यात आल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे मारले गेले. ज्यांच्या वडिलांनी रझाकारांची पट्टी सोसली त्यांतलेच काही त्या जमावात होते, असे मानण्यास आम्हांला लाज वाटते, पण मानल्यावाचून गत्यंतर दिसत नाही. नामविस्तार व्हावयास १९९४ उजाडले. त्याआधी, धरण पुरे झाले त्याच १९७६ साली, आणीबाणीत स्थानबद्ध झालेल्या माणसाला आपला जीव व स्वातंत्र्य राखण्यासाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी दिला. ते एक मत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे. तो निकाल चूक होता असे त्याच न्यायालयाने म्हणावयास २०१७ साल यावे लागले. चौकशीवाचून माणसास कोंडून ठेवण्याचे कायदे मात्र आजही पुस्तकात आहेत, आणि जेव्हा ते आपल्याला न आवडणाऱ्या माणसावर चालतात तेव्हा आपणा सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत फारसे कोणी अस्वस्थ होत नाही. गश्ती निशाण ५३ च्या गोष्टी ऐकत वाढलेल्या प्रदेशास तरी हे शोभू नये.

बिडकीनच्या आसपास सडका रुंद होत आहेत. नव्या वसाहतीत जी माणसे राहावयास येतील त्यांना रझाकारीही ठाऊक नसेल आणि ॲक्शनही. हे वाईटच आहे असे आम्ही म्हणत नाही. विसरण्याने काही जखमा भरतात. परंतु जी माणसे अद्याप विसरलेली नाहीत त्यांच्या हयातीत एकदा तरी दोन्ही पाने लागोपाठ वाचली जावीत, अशी आमची इच्छा आहे. म्हणून येत्या १७ सप्टेंबरास, झेंडावंदन व खाऊवाटप आटोपल्यावर, आम्ही आमच्या ओसरीवर थोडा वेळ बसणार आहोत. प्रथम अर्जापूर व गोरटा, मग शोएबुल्ला खान, मग लातूर, शेवटी ते विणकर. साऱ्यास पाऊण तास पुरेल. मित्र येणार म्हणाले आहेत, भांडावयास का होईना. चाचांनी येतो असे म्हटले नाही. त्यांनी इतकेच विचारले, की त्या दिवशी ओसरीवर खुर्ची असेल की खाली बसावे लागेल; कारण हल्ली त्यांचे गुडघे धरतात. खुर्ची असेल, असे आम्ही सांगितले आहे.